वेणूचं खालचं खाचर

ता. तळा, मंगळवार दुपार

प्रिय वेणू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालणार नाहीस, एवढा मला भरवसा आहे. तुझा राग मोठा आहे, पण आत काय लिहिलंय हे बघायची हौस त्याहून मोठी, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. उद्या तळ्याला जाऊन हे पोस्टात टाकणार आहे. तिथला माणूस पत्ता वाचून माझ्या तोंडाकडे बघेल, कारण पाठवणारीचं गाव तेच आणि घेणारीचंही तेच. बघू दे. माझ्या ओटीवरून हाक मारली तर तीन घरं सोडून तुला ऐकू येते, पण मारायची कोणी? दोन पावसाळे झाले, तू बोलत नाहीस म्हणून मी बोलत नाही आणि मी बोलत नाही म्हणून तू. पत्र लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. तेव्हा मी हरले असं समजू नकोस.

तशी आपण अगदीच अबोल नाही आहोत म्हणा. गेल्या दिवाळीत माझ्या अंगणातला नळ वाहत राहिला, तेव्हा तू तुझ्या म्हशीला मोठ्याने सांगितलंस की काही लोकांना पाण्याची कदर नसते. मी उठून नळ बंद केला आणि माझ्या कोंबड्यांना म्हटलं की काही लोकांचे डोळे फार लांब जातात. जानेवारीत आम्ही मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, तेव्हा तुझ्याकडे ताट धाडलं. ते तू परत पाठवलंस ते रिकामं नाही, त्यात चार सुके बोंबील ठेवून. आमचे हे म्हणाले, तुम्हा दोघींचं भांडण आहे की लग्नाची बोलणी, हेच कळत नाही. त्यांना काय कळणार. आठवड्यातले सहा दिवस रोह्याच्या कंपनीच्या गेटवर उभे, एक दिवस घरी.

पण परवा गिरणीवर कृष्णाबाई भेटली आणि तिने सांगितलं की वीटभट्टीवाल्याची माणसं टेप घेऊन तुझ्या खालच्या भातखाचरात आली होती. फूटभर खोल माती काढणार, एकशे नव्वद ब्रास भरेल, ब्रासला अडीचशे, आणि विसार म्हणून पाच हजार तू घेतलेससुद्धा. येत्या सोमवारी डंपर येणार. मी दळण तसंच गिरणीत ठेवून घरी आले, आणि घरी आल्यावर कळलं की पीठ आणायचं राहिलं. हे पत्र त्याबद्दलच आहे. पण एकदम तिथे येत नाही, कारण तुला मी ओळखते. कुणी काही शिकवायला लागलं की तुझे कान आपोआप मिटतात.

आधी एक गंमत आठवते ती लिहू दे. दिवेआगरच्या वाड्यांत सुपाऱ्या सोलणाऱ्या आयांच्या आपण दोघी मुली. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आणि नशिबाने एकाच गावात दिल्या गेलो, चार महिन्यांच्या अंतराने. भाताच्या चिखलात पाय कसा घालतात हे आपल्याला कुठे माहीत होतं. पहिल्या लावणीला सासूबाईंनी हातात रोपं दिली आणि आपण दोघी लावत लावत पुढे निघालो. बाकीच्या बायका लावत लावत मागे सरकत होत्या. बांधाशी जाऊन वळून बघितलं तर आपण लावलेलं सगळं रोप आपल्याच पायांनी चिखलात गाडलेलं. पाच जणी कंबर धरून हसत होत्या आणि तुझी सासू म्हणाली होती, "समुद्राकडच्या पोरी हायत, त्यांना व्हडी वल्हवायला द्या." त्या पाच आणि आपण दोघी, अशी ती सात जणींची सावड झाली. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या तुझ्या, परवा तिसरीच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, फक्त जिचं शेत तिने दुपारची भाकरी द्यायची. बत्तीस वर्षं ही सावड चालली. त्यात सासवा गेल्या, त्यांच्या जागी सुना आल्या, पण आकडा सातच राहिला. तो मी मोडला.

मोडायचं मनात नव्हतं गं. त्या वर्षी कुलदीप नावाचा कृषी सहायक ग्रामपंचायतीत आला होता. तू त्या दिवशी भावोजींचे गुडघे दाखवायला माणगावला गेली होतीस. पोरगा कोवळा, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही, आणि म्हणतो काय, नांगरू नका, चिखलणी करू नका, रोपांसाठी राब भाजू नका, लावणी करू नका. मागून कोणीतरी म्हणालं, मग जेवायचं तरी का. सगळे हसले, मीही हसले. पण पोराने ते हसण्यावारी नेलं नाही. त्याने फळ्यावर पैसे मांडलेच नाहीत, दिवस मांडले. पौषापासून ऐन-किंजळीच्या फांद्या तोडायच्या, वाहायच्या, शेण-पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकून भाजायचं, यात किती दिवस जातात ते विचारलं. बायका म्हणाल्या पंधरा. मग नांगरणी, चिखलणी, रोप काढणं, लावणी, आणि सावडीचे सहा दिवस दुसऱ्यांच्या शेतात फेडायचे. बेरीज केली तर वीस गुंठ्यांसाठी एका बाईचा दीड महिना. शेवटी जे भात येतं ते त्या दिवसांच्या मजुरीला पुरत नाही. नाकापेक्षा मोती जड, हे आपण रोज म्हणतो, पण कुणी फळ्यावर लिहून दाखवलं नव्हतं. वर तो म्हणाला, पहिल्या मोठ्या पावसात तुमचा ओहोळ लाल होतो ना, ती चिखलणी करून मोकळी केलेली तुमचीच माती आहे, ती दरवर्षी खाडीला जाते. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फसलं तर गाव वर्षभर हसेल, आणि सगळ्यात जास्त तू हसशील, अशी माझी खात्री होती. वैशाखात गादीवाफे केले, बी थेट त्यांवरच टोकायचं म्हणून. ओहोळापलीकडे वाफे दिसले तेव्हा लोकांना वाटलं मी काकडी-कारली लावतेय. पण राब काही मी पेटवला नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. सगळ्या शिवारात धूर आणि माझ्या शेतावर नाही. आपल्याकडे ज्या घराचा राब पेटत नाही, त्या घरात एक तर सुतक असतं नाही तर जमीन विकलेली असते. चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून जमिनीचा एक एजंट आला आणि मोठ्या अदबीने विचारू लागला की व्यवहार कितीला झाला. तो जातो न जातो तोच एसटीतून माझा भाऊ रघूदादा उतरला. कुणीतरी त्याला गाडीत सांगितलं होतं की मैनाच्या घरचा राब नाही. बिचारा टोपी हातात घेऊन, तोंड पाडून पायवाटेने आला, आणि आमचे हे ओटीवर आरसा मांडून दाढी करताना दिसले. तो तिथेच पायरीवर बसला आणि अर्धा हसला, अर्धा रडला. मी म्हटलं, फोन तरी करायचास. तर म्हणतो, "असली बातमी फोनवर इचारतात व्हय?"

तूही विचारलंस. पाण्याच्या टाकीपाशी, हळू आवाजात, यंदा राब का नाही केलास म्हणून. आणि मी, शाळेपासूनची मैत्रीण, तुला म्हणाले, बघू. एवढंच. तुला वाटलं माझ्याने होत नसेल, पाठ धरली असेल, घरात काही अडचण असेल आणि सांगायला लाज वाटत असेल. म्हणून तू तुझ्या राबात माझ्यासाठी दोन पायली बी जास्त पेरलंस. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जूनभर ओहोळ चढलेला, तिकडे कुणी फिरकलं नाही. लावणीचा पहिला दिवस नेहमी माझ्या शेताचा, म्हणून सहा जणी पावसाची इरली घेऊन आलात, आणि सगळ्यांत पुढे तू, डोक्यावर माझ्यासाठी वाढवलेल्या रोपांचा भारा घेऊन. समोर माझं शेत हातभर वाढलेलं, हिरवंगार, पेरून टोकून कधीच मोकळं झालेलं. तू भारा बांधावर उतरवलास आणि म्हणालीस, "मैने, तुला आमची गरज न्हाय उरली, तर तसं सांगायचंस व्हतं." खाऊ घालून सगळं सांगेन म्हणून मी तुम्हा सहा जणींसाठी केलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या. त्याच क्षणी तुझे पाय धरायला हवे होते. पण सहा जणींसमोर मला उलट राग आला, का ते आजही नीट सांगता येत नाही. तू वाढवलेलं रोप त्या बांधावर पिवळं पडून कुजलं आणि मी रोज त्याच्या शेजारून जात होते.

त्या वर्षी देवाने मला चांगली अद्दल घडवली, हे ऐकून तुला बरं वाटेल. गवत माझ्या कमरेला लागलं. एरवी साडेसहा गोण्या भात व्हायचं तिथे पाचच झालं. कुलदीपला मी फोनवर असं काही बोलले की तो पंधरा दिवस गावात आला नाही. पण खर्च किती झाला म्हणून बघितलं तर टिलरवाल्याला छदाम दिला नव्हता, बाहेरची मजुरी नव्हती, आणि पंधरा दिवस रानातून फांद्या वाहिल्या नव्हत्या. म्हणजे भात कमी झालं तरी मी खड्ड्यात नव्हते. भात कापल्यावर मुळं तशीच मातीत ठेवली आणि त्याच वाफ्यांवर वाल टोकले. दुसऱ्या वर्षी वाफे पुन्हा करावे लागले नाहीत, गवत निम्म्यावर आलं, आणि गोण्या भरल्या नऊ. शिवाय पाऊण खंडी पेंढा आणि वालाच्या शेंगा, ज्यांची पोपटी तू खाल्लीस. नऊ म्हणजे काही डोंगर नव्हे. पनवेलहून शिवानी म्हणते, आई, एवढ्यात माझं महिन्याचं भाडंसुद्धा निघणार नाही. मी म्हटलं, बाई, तुझ्या पगारातून गांडूळ निघत नाही. कुदळ मारली की आता ढेकळागणिक एक तरी निघतं. मी त्यांना नावं ठेवत नाही अजून, पण त्या वाटेवर आहे.

हे सगळं माझ्या फायद्याचं झालं. आता तुझ्या तोट्याचं लिहिते, कारण ते कुलदीपच्या फळ्यावर नव्हतं. मी माझे सहा दिवस वाचवले, ते सहा दिवस तुमच्या सहा जणींच्या शेतांतून गेले. सातातली एक गेली की सावड सैल होते. पुढच्या वर्षी एक जण काशीदला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात लागली, दुसरीच्या सुनेने चिखलात उतरायला नकार दिला, आणि तू चौघींवर आलीस. बाहेरच्या बाया पाचशे मागतात आणि जेवून संध्याकाळच्या आत निघून जातात. गेल्या श्रावणात तू एकटी वाकून लावत होतीस, अर्धं खाचर तसंच राहिलं, हे मी ओहोळापलीकडून बघितलं आणि आले नाही. यंदा तुझा राब रचलेला दिसला नाही तेव्हा मीही गावासारखंच काहीबाही समजले. म्हणून तुला मी दोष देत नाही. जमीन विकण्यापेक्षा माती विकलेली बरी, दगडापेक्षा वीट मऊ, असंच तुझ्या मनात आलं असणार. साडेसत्तेचाळीस हजार रोख एकीकडे, आणि दुसरीकडे श्रावणात वाकलेली पाठ. तुझा हिशोब चुकलेला नाही, फक्त तो यंदापुरता आहे. वरची फूटभर माती गेली की खाली उरतो तो मुरूम आणि चिकण. तो पुन्हा शेत व्हायला आपलं आयुष्य पुरत नाही. मी बाकीच्या चौघींकडे जाऊन आले. काशीदवालीला फोन केला, तिला रविवारची सुट्टी मिळते. सावड लावणीचीच असली पाहिजे असं कुठे लिहिलंय? वाफे करायला, टोकायला, निंदायला, वाल खुडायलाही सात जणी लागतातच. रविवारी सगळ्या कुदळी घेऊन तयार आहेत, आणि पहिला दिवस तुझ्या खाचराचा. विसाराचे पैसे तू खर्च केले नसशील, लुगड्याच्या घडीत असतील. परत करायला कमी पडले तर माझ्याकडे वालाचे आलेत.

आता जे इतकी पानं टाळलं ते लिहिते. बारा वर्षांपूर्वी माझ्या शेताच्या वरच्या तुकड्यातली माती ओहोळाने नेली नव्हती, वेणू. ती मी विकली. तुझ्या लेकीच्या, हेमालीच्या, पहिल्या बाळंतपणाला तू कळंबोलीला जाऊन राहिलीस, त्या उन्हाळ्यात, याच भट्टीवाल्याच्या बापाला, अठरा हजारांना. गावात चार घरांनी बघितलं, पण त्यांतल्या तिघांनी स्वतःची विकली होती, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. पाच गोण्या देणारा तुकडा दीड गोणीवर आला. त्या पैशांचे घरावर पत्रे घातले, आणि ते निसर्ग वादळाने एका दुपारीत नेले. मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर तू परत आलीस आणि विचारलंस, "माती कुठं गेली गं?" लाजेने माझ्या तोंडून निघालं, ओहोळ फुटला. तू पुढे एक शब्द विचारला नाहीस. उघडीप मिळाली तसे तीन दिवस तू तुझ्या खालच्या खाचरातली काळी माती पाटीने डोक्यावरून वाहून माझ्या तुकड्यात आणून ओतलीस. तू मोजल्या नाहीस, मी मोजल्या. एकसष्ट पाट्या. प्रत्येक पाटी उतरवून घेताना खरं सांगावंसं वाटत होतं आणि प्रत्येक वेळी मी पुढच्या पाटीवर ढकललं. माझं शेत आज जे काही उभं आहे ते तिथून सुरू झालं, तुझ्या त्याच मातीवर, जी सोमवारी ब्रासला अडीचशेने जाणार आहे आणि जी मला तू फुकट दिलीस. हे सांगायला मला बारा वर्षं लागली, म्हणून पत्र लिहिलं, तुझ्यासमोर उभं राहून माझ्याने झालं नसतं. रागाव, तुझा हक्क आहे. रविवारी आम्हाला हाकलून दिलंस तरी चालेल. पण सोमवारी डंपर येईल तेव्हा मी भाकरी बांधून घेऊन तुझ्या बांधावर बसलेली असेन. भट्टीवाल्याच्या माणसांनी सांगितलं म्हणून मी उठणार नाही, भावोजींनी सांगितलं तरी नाही. मला तिथून उठवायचं असेल तर तुला माझ्याशी बोलावं लागेल.

तुझीच,
मैना